वऱ्हाडचा पैसा आणि छावणीचा न्याय

वऱ्हाडचा अर्वाचीन इतिहास सांगताना २१ मे १८५३ रोजी झालेला तह बहुधा एका वाक्यात उरकला जातो. निजामाने आपल्या फौजेच्या खर्चापोटी आणि थकलेल्या कर्जापोटी वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला, असे ते वाक्य असते. त्यानंतर लेखक ताबडतोब जमाबंदी, कापूस, रेल्वे आणि अमरावती-अकोल्याच्या बाजारपेठांकडे वळतो. ज्या फौजेसाठी हा सगळा प्रांत गहाण पडला, ती फौज कशी होती, तिच्यात कोण होते आणि त्यांचा न्याय कोण करीत होते, हे प्रश्न मागे राहतात. प्रस्तुत लेखात आम्ही त्यांपैकी शेवटच्या प्रश्नाकडे पाहणार आहोत. शिपायाचा न्याय त्याच्याच सेनाधिकाऱ्याने करावा का, हा वाद आजही संपलेला नाही. त्याची एक जुनी, विसरलेली वाट वऱ्हाडातून जाते.

या फौजेला ‘हैदराबाद कंटिंजंट’ म्हणत. तिचे मूळ एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, हेन्री रसेल हैदराबादेत रेसिडेंट असताना उभ्या राहिलेल्या ‘रसेल ब्रिगेड’मध्ये होते. १८५३च्या तहाने तिचे स्वरूप पक्के झाले. किमान पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि चार तोफखाने एवढी फौज ठेवायची असे ठरले. फौज निजामाच्या नावाची, अधिकारी ब्रिटिश, हुकूम रेसिडेंटचा आणि पगार वऱ्हाडच्या महसुलातून, अशी ही चौपेडी रचना होती. बोलारम, औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, अशा तिच्या छावण्या होत्या. वऱ्हाडातली मोठी छावणी एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला होती. शेजारचे परतवाडा हे या लष्करी वस्तीभोवतीच वाढलेले गाव आहे.

घोडदळात शिलेदारी पद्धत होती. घोडा सरकारचा नसे. तो शिलेदाराचा असे आणि दुसऱ्याच्या घोड्यावर बसणाऱ्यास बारगीर म्हणत. स्वाराची नोकरी ही त्याची मिळकतही होती. तो पागेत नोकराच्या नात्याने येत नसे, आपल्या भांडवलासह आणि आपल्या प्रतिष्ठेसह येत असे. अशा माणसाला बडतर्फ करणे म्हणजे केवळ पगार बंद करणे नव्हे. लष्करी शिक्षेचे वजन मोजताना हे ध्यानात ठेवावे लागते.

आता लष्करी न्यायाची रचना थोडक्यात पाहू. मुलकी न्यायात फिर्यादी, न्यायाधीश आणि शिक्षेची अंमलबजावणी करणारा हे तीन वेगळे पक्ष असतात. निदान तसे ते असावेत अशी अपेक्षा असते. कोर्टमार्शलच्या जुन्या ब्रिटिश पद्धतीत हे तिन्ही धागे एकाच मुठीत येत. आरोप ठेवायचा की नाही हे सेनाधिकारी ठरवी. न्यायमंडळ तोच भरवी आणि त्यावर बसणारे अधिकारीही तोच निवडी. हे अधिकारी हुद्द्याने त्याच्या खालचे असत. त्यांची बढती, बदली आणि शेरा त्याच्या हाती असे. निकाल लागल्यावर तो कायम करण्याचा किंवा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकारही सेनाधिकाऱ्यांच्याच उतरंडीत राही.

या रचनेमागे काही विचार नव्हता असे मात्र नाही. फौज मुलकी न्यायालयापासून शेकडो मैल दूर असते. शत्रू समोर असताना आज्ञाभंगाचा खटला सहा महिने चालवता येत नाही. ज्याने माणसांना मरणाच्या तोंडी न्यायचे, त्याच्या शब्दाला तत्काळ वजन हवे, हे म्हणणे खोटे नाही. प्रश्न एवढाच की ज्या प्रसंगी सेनाधिकारी स्वतःच वादाचा पक्षकार असतो, त्या प्रसंगी काय करायचे? कंटिंजंटच्या इतिहासात असे प्रसंग दोन वर्षांच्या आत दोनदा आले.

पहिला प्रसंग बोलारमचा. कॉलिन मॅकेन्झी हा अधिकारी डलहौसीच्या नेमणुकीने कंटिंजंटच्या एलिचपूर विभागाचा ब्रिगेडियर होऊन आला. हा गृहस्थ पहिल्या अफगाण युद्धात अकबरखानाच्या कैदेत राहून आलेला, शूर आणि कडवा धर्मनिष्ठ ख्रिस्ती होता. त्याच्या धार्मिकतेमुळे काबूलकडचे लोक त्याला ‘इंग्रज मुल्ला’ म्हणत. सप्टेंबर १८५५मध्ये तो बोलारमच्या छावणीत असताना मुहर्रम आला. मुहर्रमच्या दिवसांत येणाऱ्या रविवारी छावणीत मिरवणूक निघू नये, वाद्ये वाजू नयेत, असा हुकूम त्याने काढला. असा हुकूम पूर्वी कधी निघालेला नव्हता. नाराजी दिसताच तो बदलण्यात आला, परंतु तोवर मने बिघडली होती. पुढे एक मिरवणूक त्याच्या बंगल्यावरून जाऊ लागली तेव्हा तो स्वतः बाहेर आला आणि निशाणे हिसकावू लागला. जमावाने आणि तिसऱ्या रिसाल्याच्या स्वारांनी त्याच्यावर हल्ला केला. तो गंभीर जखमी झाला, पण वाचला.

आपल्या ब्रिगेडियरवर स्वारांनी तलवार उगारली, म्हणजे लष्करी व्याख्येने हे बंडच होते. तरीही चौकशीचे कागद कलकत्त्याला गेले तेव्हा गव्हर्नर-जनरलच्या सरकारने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. हल्ल्याचा निषेध झाला आणि रिसाल्यातील लोकांना शिक्षाही झाल्या. परंतु ब्रिगेडियरचा हुकूम आणि त्याचे मिरवणुकीत स्वतः शिरणे या दोन्ही गोष्टी अविचाराच्या होत्या, हेही सरकारने नोंदवले. असे का झाले याचे उत्तर साधे आहे. कागद वाचणारा माणूस छावणीच्या बाहेर होता. त्याच्या अंगावर जखम नव्हती आणि त्याचा हुकूम मोडला गेला नव्हता. अर्थात हा न्यायही अर्धाच होता. मॅकेन्झीची पुढील कारकीर्द थांबली नाही. मुर्शिदाबादेस बंगालच्या नवाब नाझिमाकडे गव्हर्नर-जनरलचा एजंट म्हणून तो गेला आणि लेफ्टनंट जनरलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचला. शिक्षा झालेल्या स्वारांचे पुढे काय झाले ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

दुसरा प्रसंग जून १८५७चा. कंटिंजंटचा पहिला रिसाला मोमिनाबादेहून औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला आला होता. आपल्याला दख्खनच्या बाहेर नेऊन दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढवणार, अशी बातमी रिसाल्यात पसरली. आम्ही निजामाच्या मुलखात नोकरी करण्यासाठी आहोत, बादशहाशी लढणार नाही, असे स्वार उघड बोलू लागले. कॅप्टन ॲबट हा त्यांचा सेनाधिकारी. पुण्याहून महूकडे निघालेली जनरल वुडबर्नची फौज वाट वाकडी करून औरंगाबादेस आली. तोफा रोखून रिसाल्याला पायउतार उभे करण्यात आले आणि संशयितांची नावे पुकारली जाऊ लागली. गोंधळ उडाला, बरेच स्वार घोड्यांवर बसून पळाले, बाकीचे पकडले गेले. मीर फिदा अली या दफेदाराने आपल्या सेनाधिकाऱ्यावर गोळी झाडली. ती लागली नाही. त्याचा खटला तिथल्या तिथे चालला आणि त्याला फाशी देण्यात आले. त्यानंतर इतरांचे खटले झाले. काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिले. आजच्या क्रांती चौकातील ‘काळा चबुतरा’ ही या शिक्षांची जागा म्हणून शहराच्या स्मरणात आहे.

रणांगणावर ढोलाचे मेज करून भरवलेल्या या झटपट न्यायमंडळाला इंग्रजीत ढोलावरूनच नाव पडले आहे. आरोपीला वकील नाही, साक्षी तपासायला वेळ नाही, निकालावर दाद नाही. फिदा अलीने गोळी झाडली होती आणि ती अनेकांनी पाहिली होती. त्याच्यापुरता निकाल कदाचित कोणत्याही न्यायालयात तोच लागला असता. परंतु ज्यांची नावे केवळ यादीवरून पुकारली गेली त्यांचे काय? नोकरीच्या अटींविषयी त्यांनी घेतलेला आक्षेप खरा होता की खोटा, निजामाच्या नावाच्या फौजेला कंपनीच्या शत्रूविरुद्ध मुलखाबाहेर नेता येते की नाही, हा वस्तुतः कायद्याचा प्रश्न होता. तो प्रश्न विचारणे हाच गुन्हा ठरला, आणि निकाल देणारे तेच होते ज्यांच्या हुकमावर तो प्रश्न विचारला गेला होता.

या खटल्यांवरून वरिष्ठांमध्ये वाद झाला, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन वुडबर्नला सारखा लिहीत होता, की तुम्ही महूकडे निघा. वुडबर्न कैद्यांचे खटले पुढे करून औरंगाबादेत थांबला. पुढे इतिहासकारांनीही त्याला बोल लावला तो या दिरंगाईबद्दल. न्याय घाईत झाला असे कोणी म्हटले नाही. न्यायाने फौजेचा वेळ खाल्ला असे म्हटले. दोन्ही बाजू सेनाधिकाऱ्यांच्याच होत्या. १८५५मध्ये बाहेरून वाचणारा एक तरी डोळा होता; १८५७मध्ये तोही उरला नाही.

इथवर आल्यावर साहित्याच्या अभ्यासकाला एक गोष्ट खटकली पाहिजे. वर सांगितलेली प्रत्येक हकीकत आपल्याला कोणाकडून कळते? मॅकेन्झीची बाजू सविस्तर मिळते, कारण त्याची पत्नी हेलन ही लेखिका होती आणि तिने १८८४मध्ये त्याचे दोन खंडांचे चरित्र प्रसिद्ध केले. वऱ्हाडचे पहिले गॅझेटियर १८७०मध्ये सिद्ध केले ते पश्चिम वऱ्हाडचे कमिशनर आल्फ्रेड लायल यांनी. हे लायल कवी होते. ‘द ओल्ड पिंडारी’ या त्यांच्या कवितेत एक म्हातारा पिंडारी आपल्या तोंडाने बोलतो. राज्यकर्त्याने जित माणसाच्या मनात शिरण्याचा केलेला हा प्रयत्न प्रामाणिक असेलही. तरी तो पिंडारी लायल यांनी लिहिलेलेच बोलतो. कंटिंजंटच्या स्वाराला तेवढाही आवाज मिळाला नाही. मीर फिदा अली आपल्यापर्यंत येतो तो एका हुद्द्याच्या आणि एका गोळीच्या रूपाने. तो कोठला, त्याचे म्हणणे काय होते, हे विचारण्याची जागाच त्या न्यायपद्धतीत नव्हती, म्हणून ती दप्तरातही नाही.

याच काळात वऱ्हाडच्या सीमेवर येऊन गेलेल्या दुसऱ्या एका माणसाचे उदाहरण ताडून पाहण्यासारखे आहे. १८५८च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा उतरून मुलताईपर्यंत आले. पण मेळघाटाच्या वाटा कंटिंजंटच्या फौजेने रोखलेल्या होत्या आणि त्यांना पश्चिमेकडे वळावे लागले. ७ एप्रिल १८५९ रोजी ते पकडले गेले, १५ एप्रिलला शिवपुरीस कोर्टमार्शल झाले आणि १८ एप्रिलला फाशी. त्यांचा जबाब उपलब्ध आहे. आपण केले ते आपले धनी नानासाहेब यांच्या हुकमाने केले, हा त्यांच्या बचावाचा गाभा. पेशव्यांच्या पदरी वाढलेला माणूस इंग्रज सरकारशी राजद्रोह कसा करील, हा प्रश्न पुढे खुद्द मॅलेसनसारख्या इंग्रज इतिहासकाराला पडला. जबाब शिल्लक राहिला म्हणून तो प्रश्न पडू शकला. मात्र हा जबाबही पकडणाऱ्यांच्या छावणीत घेतलेला होता, हे विसरता येत नाही.

सेनाधिकाऱ्याच्या न्यायाचे सर्वांत भेदक चित्रण कादंबरीत आले आहे. हर्मन मेलव्हिलची ‘बिली बड’ त्याच्या मृत्यूनंतर, १९२४मध्ये प्रसिद्ध झाली. कॅप्टन व्हिअर हा दुष्ट नाही. सुसंस्कृत, वाचक, बिलीवर माया असणारा माणूस आहे. पण गुन्ह्याचा एकमेव साक्षीदार तोच, न्यायमंडळ निवडणारा तोच, आणि मंडळातले अधिकारी कचरू लागतात तेव्हा त्यांना फाशीच्या निकालाकडे नेणाराही तोच. कादंबरीच्या शेवटी नौदलाच्या बातमीपत्रात जी अधिकृत हकीकत छापून येते तिच्यात बिली दुष्ट आणि त्याच्यावर खोटा आळ घेणारा सज्जन ठरतो. खलाशी मात्र बिलीवर गाणे रचतात. औरंगाबादेचा काळा चबुतरा आणि वुडबर्नची पत्रे यांच्यातले अंतर हे त्या गाण्यातले आणि त्या बातमीपत्रातले अंतर आहे.

हा सारा मामला परक्या राज्याबरोबर संपला असता तर त्याचे महत्त्व केवळ ऐतिहासिक राहिले असते. १९०२मध्ये वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांच्या कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे गेला, पुढच्या वर्षी कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाले. औरंगाबादचा तो पहिला रिसाला आजच्या भारतीय सैन्यातील ‘डेक्कन हॉर्स’ या नामवंत रेजिमेंटच्या पूर्वजांपैकी एक आहे. रेजिमेंटांप्रमाणे कायद्यालाही पूर्वज असतात. १९५०च्या आर्मी ॲक्टने कोर्टमार्शलचे चार प्रकार ठेवले. त्यांपैकी समरी कोर्टमार्शलमध्ये कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायालय असतो. आणखी दोघे हजर असतात, पण निकालात त्यांचे मत नसते. लेफ्टनंट कर्नल वा त्यावरील हुद्द्याचा असा अधिकारी शिपायाला एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो आणि निकाल कायम होण्यासाठी वर कोणाकडे जावे लागत नाही. लष्करी न्यायालयांच्या निकालांवर सर्वोच्च न्यायालयात विशेष परवानगीने अपील करण्याची वाट राज्यघटनेच्या १३६व्या कलमानेच बंद ठेवली. लेफ्टनंट कर्नल पृथीपालसिंग बेदी यांच्या १९८२च्या खटल्यात न्या. देसाई यांनी ही उणीव स्पष्ट बोलून दाखवली. पुरावा पुन्हा तपासणारे एकही अपील नसावे याबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला.

त्यानंतर पाच वर्षांनी रणजित ठाकूर यांचा खटला आला. हे एका सिग्नल रेजिमेंटमधील सिग्नलमन. कमांडिंग ऑफिसर आपल्याला वाईट वागवतो अशी तक्रार त्यांनी परस्पर वरिष्ठांकडे पाठवली. रीत मोडल्याबद्दल त्यांना २८ दिवसांची सक्त कैद झाली. त्या कैदेत असताना जेवण घेण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही, असा आरोप १९८५मध्ये ठेवला गेला. समरी कोर्टमार्शल बसले आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तोच अधिकारी त्यात न्यायासनावर होता. शिक्षा झाली एक वर्षाची सक्त कैद आणि बडतर्फी. उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही. १५ ऑक्टोबर १९८७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. न्यायमंडळावरील कोणाविषयी आक्षेप आहे काय, हे आरोपीला विचारलेच नव्हते. शिक्षा अपराधाच्या मानाने मनाला धक्का देईल इतकी जबर होती. आणि निकाल देणारा निःपक्षपाती मानता येत नव्हता. न्या. वेंकटचलय्या यांनी या निकालात पक्षपाताची जी कसोटी सांगितली ती साहित्याच्या वर्गातही शिकवावी अशी आहे. न्यायाधीशाने ‘मी पक्षपाती आहे काय’ असे स्वतःच्या मनाला विचारायचे नसते. समोर उभ्या असलेल्या माणसाच्या मनात काय येत असेल ते पाहायचे असते.

आम्हांस वाटते, दोनशे वर्षांच्या या वादाचे मर्म इथे आहे. मॅकेन्झी, वुडबर्न, व्हिअर यांतला कोणीही स्वतःच्या मनात डोकावला असता तर त्याला तिथे पक्षपात दिसला नसता. कर्तव्यच दिसले असते. चूक त्यांच्या अंतःकरणात शोधण्यात अर्थ नाही; ती कोठे बसून पाहायचे या व्यवस्थेत आहे. कथेत निवेदक कोण आणि घटना कोणाच्या डोळ्यांनी दिसते, याचा आपण काथ्याकूट करतो. न्यायात तोच प्रश्न माणसाच्या आयुष्याचा होतो. स्वदेश दीपक यांच्या ‘कोर्ट मार्शल’ या १९९१च्या हिंदी नाटकाची ताकद हीच आहे. आपल्या अधिकाऱ्याला गोळी घालणारा सवार रामचंदर गुन्हा कबूल करून गप्प उभा असतो, आणि त्याच्या जातीचा अपमान कोणी, किती वेळा केला हे बचाव पक्षाचा अधिकारी उलगडत जातो तसतसे न्यायासनच आरोपीच्या बाजूने पाहू लागते. शिक्षा टळते की नाही, हा तिथे दुय्यम प्रश्न आहे. ऐकले गेले, हा मुख्य.

बदल झाले आहेत, हे नोंदवले पाहिजे. ज्या ब्रिटनकडून आपण ही पद्धत घेतली त्याने १९९६च्या कायद्याने न्यायमंडळ भरवणाऱ्या सेनाधिकाऱ्याची भूमिकाच काढून टाकली. १९९७मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही फिंडले खटल्यात जुन्या पद्धतीला दोष दिला. आपल्याकडे २००७च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण स्थापन झाले आणि २००९पासून कोर्टमार्शलच्या निकालांवर अपील ऐकले जाऊ लागले. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समरी कोर्टमार्शल हा नित्याचा मार्ग नाही, तातडीची गरज असेल तेव्हाचा अपवाद आहे, असे बजावले. बोलारमचे कागद वाचणारा कलकत्त्याचा डोळा योगायोगाने मिळाला होता. आता तो कायद्याने मिळतो. मात्र पहिला निकाल आजही छावणीतच लागतो, आणि अपिलापर्यंत पोहोचण्याआधी शिपाई बहुधा शिक्षेचा मोठा भाग भोगून झालेला असतो.

वऱ्हाडच्या शेतकऱ्याने ज्या स्वारांचा पगार भरला त्यांना त्याने बहुधा कधी पाहिले नाही, आणि त्यांच्यावर चाललेल्या खटल्यांत त्याला कोणी विचारले नाही. आज त्याच गावांतली मुले सैन्यात भरती होतात. त्यांच्यावर कधी प्रसंग आलाच, तर त्यांना ‘तुमचा कोणावर आक्षेप आहे काय’ हा प्रश्न विचारला जातो की नाही, आणि विचारला गेला तर तो मोकळ्या मनाने उत्तर देता येईल अशा रीतीने विचारला जातो की नाही, याची चौकशी ठेवणे हे आपले काम आहे. फिदा अलीच्या रिसाल्यातील लोकांना तो विचारला गेला असता, तर आज आपल्या हाती निदान त्यांची उत्तरे असती.